सर्पगंधेची मुळी आणि मात्रेचा हिशेब

बारावी विज्ञान झाल्यावर डी. फार्म.ला जाणारी मुले-मुली आता लहान गावांतूनही निघतात. बुलढाण्याजवळ पैनगंगेकाठी वसलेल्या देऊळघाटसारख्या गावातली एखादी मुलगी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून औषधाच्या दुकानात उभी राहिली, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे अक्षर लावणे, गोळ्यांची पट्टी कापून देणे, 'सकाळी एक, रात्री एक' असे समजावून सांगणे ही कामे तिच्याकडे येतात. दवाखाना बंद असला तरी दुकान उघडे असते. त्यामुळे लोक तिलाच विचारतात : ही गोळी किती दिवस घ्यायची? आता बरे वाटते आहे, सोडली तर चालेल का? वैद्यबुवांची पुडीही चालू आहे, दोन्ही सोबत घेतली तर?

या प्रश्नांची उत्तरे ज्या शास्त्रात शोधायची त्याला औषधिक्रियाविज्ञान म्हणतात. औषध शरीरावर काय करते आणि शरीर त्या औषधाचे काय करते, असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात औषधाचा उगम, क्रियाशील घटक, मात्रा, क्रियास्थान, परिणाम सुरू होण्यास व ओसरण्यास लागणारा काळ, दुष्परिणाम असे शब्द ओळीने येतात. व्याख्या म्हणून पाठ केले तर ते कोरडे वाटतात, आणि परीक्षा झाली की विसरलेही जातात. आम्हाला वाटते, हे शब्द इतिहासातून शिकवावेत. यातला प्रत्येक शब्द कोणाच्या ना कोणाच्या अडचणीतून पुढे आलेला आहे. त्यासाठी आपण येथे एकाच औषधाची हकिगत पाहू. ती आपल्या रानातल्या एका मुळीपासून सुरू होते, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिला महत्त्वाचे वळण मिळते, आणि पुढे ती बाझेल, बॉस्टन, स्वीडन अशी फिरून पुन्हा आपल्या औषधांच्या दुकानात येते.

मुळी सर्पगंधेची. कण्हेर, सदाफुली, तगर, पांढरा चाफा ही सगळी ज्या कुळातली, त्याच कुळातले हे गुडघ्या-मांडीएवढे झुडूप. एका पेरावर बहुधा तीन-तीन पाने, पांढरी फुले, फुलांचे देठ लालसर, पिकल्यावर काळपट जांभळी होणारी बारीक फळे. मराठीत त्याला हरकी, अडकई, मुंगूसवेल अशी नावे आहेत. हिमालयाच्या पायथ्यापासून कोकणापर्यंत ओलसर रानात ते उगवते. मुळी चवीला अतिशय कडू, आणि औषधी द्रव्य असते ते मुख्यत: मुळीच्या सालीत.

मुंगूसवेल या नावामागे एक समजूत आहे. मुंगूस सापाशी झुंजण्यापूर्वी ही वनस्पती खाते, अशी ती कथा. गोव्यात राहून १५६३ साली तेथेच आपला ग्रंथ छापणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने सापाच्या विषावर वापरल्या जाणाऱ्या मुळ्यांचे वर्णन केले आहे. त्यांतली एक सर्पगंधा असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पुढे या वनस्पतीच्या प्रजातीला राउवोल्फिया हे नाव मिळाले ते लिओनहार्ड राउवोल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्यावरून. हा गृहस्थ औषधी वनस्पतींच्या शोधात बगदादपर्यंत आला होता, पण भारतात कधी आलाच नाही. नाव देणाऱ्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ साली त्याच्या स्मरणार्थ ते योजले, इतकेच. आपल्या रानातल्या झुडपाला हे नाव कसे चिकटले, हा विद्यार्थ्यांना गंमत म्हणून सांगण्यासारखा प्रसंग आहे.

सर्पदंशाबाबत मात्र येथेच स्पष्ट सांगितले पाहिजे. ही मुळी सापाच्या विषावर उतारा आहे याला कोणताही पुरावा नाही. साप चावल्यास रुग्णालयात नेऊन प्रतिविष देणे हाच उपाय.

मुळीचा दुसरा उपयोग अधिक खरा होता. बिहार आणि उत्तर प्रदेशात तिला वेडावरचे औषध म्हणूनच ओळखत. अंगात येणाऱ्या, ओरडणाऱ्या, झोप उडालेल्या माणसाला मुळीची भुकटी दिली की तो शांत होतो, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव होता. रडणाऱ्या तान्ह्या मुलांना झोपवण्यासाठीही काही ठिकाणी ती दिली जाई, हे ऐकून आज आपल्या अंगावर काटा येतो.

हा अनुभव आधुनिक वैद्यकाच्या भाषेत पहिल्यांदा मांडला तो कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी, १९३१ साली. वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर हे नवे भारतीय औषध आहे, असे त्यांनी आपल्या लेखात लिहिले. वीस ते तीस ग्रेन भुकटी द्यावी, असे त्यांनी म्हटले होते. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. हा आकडा वाचकांनी बाजूला लिहून ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयातून दुसरे काम प्रसिद्ध झाले. सलीमुझ्झमाँ सिद्दिकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइडे वेगळी केली. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत सापडणारे, नायट्रोजन असलेले, बहुधा कडू असे द्रव्य; क्विनीन, मॉर्फीन, निकोटीन ही त्याची ओळखीची उदाहरणे. सिद्दिकींनी आपल्या संशोधनाला पाठबळ देणाऱ्या हकीम अजमल खाँ यांच्या स्मरणार्थ एकाला अजमलीन असे नाव दिले. अजमलीन वाया गेले नाही. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर त्याचा परिणाम होतो, आणि हृदयाचा एक आनुवंशिक विकार ओळखण्याच्या तपासणीत ते आजही वापरतात.

अडचण अशी होती, की या पाच शुद्ध द्रव्यांपैकी कोणतेही मुळीसारखी शांत झोप आणीना. कलकत्त्यात रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. अल्कलॉइडे काढून घेतल्यावर मागे उरणाऱ्या राळेसारख्या चिकट भागातच गुंगी आणणारा गुण आहे, हे पुढच्या दहा-बारा वर्षांत भारतीय प्रयोगशाळांत दिसून आले. म्हणजे जे स्फटिक म्हणून हाती आले ते हवे ते नव्हते, आणि हवे ते चिखलात होते. क्रियाशील घटक ही संकल्पना शिकवताना हे उदाहरण फार उपयोगी पडते. वनस्पतीतून जे सहज वेगळे करता येते तेच तिचे औषध, असे मुळीच नसते. आपण कोणता परिणाम शोधतो आहोत हे आधी ठरवून, प्रत्येक भाग प्राण्यावर तपासत गेले तरच तो घटक सापडतो.

चोप्रा यांचे नाव आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. देशात विकल्या जाणाऱ्या औषधांची शुद्धता तपासण्यासाठी सरकारने १९३० साली नेमलेल्या चौकशी समितीचे ते अध्यक्ष होते. १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा या समितीच्या शिफारशींच्या वाटेने आले. डी. फार्म. झालेल्या माणसानेच औषध द्यावे हा नियम ज्या कायद्यावर उभा आहे, तो हाच.

आता मुंबईकडे वळू. तत्पूर्वी त्या काळी रक्तदाबावर काय उपाय होते हे पाहणे जरूर आहे, नाहीतर पुढच्या घटनेचे मोल कळणार नाही. बहुतेक रुग्णांत रक्तदाब का वाढतो याचे एक असे कारण सापडत नाही. तेव्हाही सापडत नव्हते. तो उतरवणारे भरवशाचे औषध नव्हते. पाठीच्या कण्याजवळची मज्जातंतूंची साखळी कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करीत. अमेरिकेत एका डॉक्टरांनी निव्वळ भात आणि फळे असा आहार सुरू केला होता. तो पाळणे रुग्णांना शिक्षेसारखे वाटे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढत होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला त्याचे डॉक्टर कमी मीठ, विश्रांती, झोपेचे औषध आणि हृदयासाठी डिजिटॅलिस यांपलीकडे काही देऊ शकले नाहीत. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० मोजला गेला.

अशा काळात मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेकडे वळले. वकील यांचा जन्म १९११ चा. उच्च वैद्यकीय शिक्षण लंडनला, आणि परत आल्यावर काम के. ई. एम. रुग्णालयात. सर्पगंधेच्या भुकटीच्या गोळ्या तेव्हा बाजारात मिळत होत्या. 'सर्पिना' नावाची गोळी तर १९३४ पासून होती, आणि देशातले पुष्कळ डॉक्टर ती देत असत. म्हणजे वकील यांनी औषध शोधले नाही. त्यांनी वेगळेच काही केले. त्यांनी ते मोजले.

वाढलेल्या रक्तदाबाचे पन्नास रुग्ण त्यांनी घेतले. प्रत्येकाचा रक्तदाब औषधापूर्वी, औषध चालू असताना आणि ते थांबवल्यावर नोंदला. चार आठवड्यांच्या उपचारानंतर सुमारे ८५ टक्के रुग्णांत वरचा, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा, आणि ८१ टक्के रुग्णांत खालचा आकडा उतरलेला दिसला. हा निबंध १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजच्या कसोटीने पाहिले तर त्यात उणीव आहे. निम्म्या रुग्णांना नुसती खोटी गोळी देऊन तुलना केलेली नाही; आणि रुग्णालयात वारंवार येऊन, धीर मिळूनही रक्तदाब थोडा उतरतो. तरीही आकडे समोर आले होते. ते कोणीही, कुठेही पुन्हा मोजून पडताळू शकत होता.

या निबंधातली एक नोंद आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. औषध बंद केल्यावर महिन्याने पाहिले, तरी बहुतेक रुग्णांत रक्तदाब काही प्रमाणात उतरलेलाच होता. गोळी पोटात नाही, तरी तिचा परिणाम आहे! असे का व्हावे, हे त्या वेळी कोणालाच सांगता येण्याजोगे नव्हते. उत्तर मिळायला आणखी काही वर्षे जायची होती.

वकील यांचा निबंध बॉस्टनमधले डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला. त्यांनी भारतातून गोळ्या मागवल्या, आपल्या रुग्णांना दिल्या आणि त्यांनाही तोच अनुभव आला : परिणाम सावकाश होतो, नाडी मंदावते, मन शांत होते. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथील सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन हे तिघे त्या राळेसारख्या चिखलामागे लागले होते. १९५२ साली त्यांनी त्यातून शुद्ध पांढरे स्फटिक काढले आणि त्याचे नाव ठेवले रेसरपीन. मुळीत हवे होते ते हे. १९५६ साली वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत मुळापासून घडवून दाखवले. सेंद्रिय रसायनशास्त्रात तो आजही अभ्यासाचा धडा मानला जातो. १९५७ साली वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

यावर आपल्याकडे दोन प्रकारची भाषणे ऐकू येतात. 'आमच्याकडे सगळे आधीच होते, परक्यांनी ते पळवले', हे एक. आणि 'आमच्या मुळ्या म्हणजे अडाणीपणा, खरे औषध कारखान्यातच झाले', हे दुसरे. दोन्ही आळशी आहेत. वैद्यांचा अनुभव नसता तर सेन-बोस लिहिते ना. ती भुकटी बाजारात नसती आणि वकील यांनी ती मोजली नसती तर विल्किन्स यांच्या हाती वाचायला काही पडले नसते. आणि बाझेलचे स्फटिक नसते तर पुढचा हिशेब कधीच जमला नसता.

तो हिशेब आता वर्गात करून पाहावा. चांगल्या मुळीत रेसरपीन गटाची अल्कलॉइडे किमान ०.१५ टक्के असावीत, असे अमेरिकेच्या औषधसंहितेने ठरवले. म्हणजे एक ग्रॅम भुकटीत दीड मिलिग्रॅम. सेन आणि बोस यांची वीस ग्रेनची मात्रा म्हणजे १३०० मिलिग्रॅम. तिच्यात सुमारे दोन मिलिग्रॅम रेसरपीन. तीस ग्रेनमध्ये सुमारे तीन. पुढे रक्तदाबासाठी जी मात्रा पुरेशी ठरली ती होती दिवसाला ०.०५ ते ०.२५ मिलिग्रॅम! सेन-बोस यांची मात्रा तिच्या दहापटीच्या आसपास किंवा त्याहून मोठी होती. एकाच मुळीने वेडही शांत होते आणि रक्तदाबही उतरतो, यातले कोडे या आकड्यांनी बरेचसे सुटते. थोड्या मात्रेत रक्तदाब, मोठ्या मात्रेत मनही.

शिवाय ०.१५ टक्के हा आकडा प्रत्येक मुळीला लागू नाही. मुळी किती वर्षांची, कोणत्या रानातली, कोणत्या महिन्यात खणलेली, यांवर तो बदलतो. सर्पगंधेच्या भावंडांपैकी दुसऱ्याच जातींच्या मुळ्या मिसळून विकणे हाही जुना उद्योग आहे. भुकटीची पुडी तराजूत सारखी भरली तरी औषध सारखे भरत नाही. शुद्ध स्फटिकाने हा प्रश्न सोडवला : आता मिलिग्रॅमचा शंभरावा भागही मोजून देता येऊ लागला.

पण मोजता येणे वेगळे आणि मोजून देणे वेगळे. रेसरपीनची ख्याती झाली तशी मागणी अफाट वाढली. भारतातल्या रानांतून मुळ्या इतक्या उपटल्या गेल्या, की सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. १९९० साली ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत गेली. कारखान्यांनी आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका जातीकडे मोर्चा वळवला. न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी १९५४ साली रेसरपीनचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेल्या रुग्णांना ते कित्येक मिलिग्रॅमच्या मात्रेत दिले जाऊ लागले. रक्तदाबाच्या रुग्णांनाही तेव्हा आजच्या मानाने भरपूर मात्रा दिली जाई. थोड्याने गुण येतो तर जास्त दिल्याने अधिक येईल, ही समजूत शिकलेल्या माणसांतही असते.

त्याच १९५४ साली एडवर्ड फ्राइस या अमेरिकी डॉक्टरांनी धोक्याची सूचना दिली. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेसरपीन घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांना खोल औदासीन्य आले होते. पुढे अशा आणखी नोंदी आल्या, आणि रेसरपीन म्हणजे मन खचवणारे औषध, अशी त्याची प्रतिमा झाली. ती पुसली गेली नाही. १९७४ साली त्याचा स्तनांच्या कर्करोगाशी संबंध असल्याचे तीन अहवाल आले. नंतरच्या अभ्यासांनी ते उचलून धरले नाहीत, पण औषधाची उरलीसुरली पत गेली.

येथे एक बाजू क्वचितच सांगितली जाते. १९५५ साली लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता आणि खिन्नता असलेल्या रुग्णांना रेसरपीन देऊन, त्यांची खोटी गोळी घेणाऱ्यांशी तुलना केली. रेसरपीन घेणारे अधिक सुधारले! अलीकडे सगळे जुने अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांनाही औदासीन्याचा संबंध वाटला होता तितका पक्का दिसलेला नाही. आमचे मत असे, की फ्राइस यांची सूचना योग्यच होती, पण तिच्यातला 'मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ' हा भाग गळून पडला आणि उरलेले वाक्य औषधाला चिकटले. ज्यांना पूर्वी औदासीन्याचा आजार झाला आहे त्यांना रेसरपीन देऊ नये, ही खबरदारी मात्र आजही पाळली जाते आणि ती पाळावी.

आता ते राहिलेले कोडे : औषध थांबल्यावरही परिणाम का टिकतो?

आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत बारीक स्नायू असतात. त्यांच्याजवळ मज्जातंतूंची टोके येऊन थांबतात. टोकांत नॉरअॅड्रेनलीन नावाचे द्रव्य तयार होऊन अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेले असते. मेंदूकडून संदेश आला, की पिशव्या रिकाम्या होतात, द्रव्य स्नायूवर पडते, स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते आणि रक्तदाब चढतो. रेसरपीन रक्तवाहिनीला हातही लावत नाही. ते या पिशव्यांची तोंडे बंद करते. शेतकऱ्याच्या घरची उपमा द्यायची तर, धान्य तयार आहे पण कणगीत भरता येत नाही. ते ओसरीवर उघडे पडते आणि उंदीर खाऊन टाकतात. येथे उंदरांचे काम टोकातले एक विकर करते. थोड्या दिवसांत साठा संपतो. संदेश येतो, पण पाठवायला काही नसते. स्नायू सैल पडतात, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो.

विद्यार्थ्यांना या एका चित्रावरून चार गोष्टी स्वत: सांगता येतात; शिक्षकांनी घाई न करता त्यांना सांगू द्याव्यात. साठा हळूहळू संपतो, म्हणून परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही, दोन-तीन आठवडे लागतात. रेसरपीन पिशव्यांना असे घट्ट धरते की त्या पुन्हा कामाला येत नाहीत. मज्जापेशीच्या मुख्य भागात नव्या पिशव्या तयार होऊन लांबच लांब तंतूतून टोकापर्यंत याव्या लागतात, म्हणून गोळी बंद केल्यावरही परिणाम कित्येक दिवस रेंगाळतो. वकील यांच्या रुग्णांच्या नोंदीचे उत्तर बहुधा हेच. आवळणारी यंत्रणा थकली की तिच्या विरुद्ध काम करणारी दुसरी यंत्रणा वरचढ होते, म्हणून नाक चोंदते, पोटात आम्ल वाढते, जुलाब होतात. पोटात व्रण असलेल्याला हे औषध का टाळतात ते यावरून कळते. आणि अशाच पिशव्या मेंदूतही आहेत, म्हणून मात्रा वाढली की गुंगी येते, हातापायांना कंपवातासारखा ताठरपणा येतो. दुष्परिणाम हे औषधाला बाहेरून चिकटलेले काही नसते. जी क्रिया आपल्याला हवी तीच नको त्या जागी झाली, की तिला आपण दुष्परिणाम म्हणतो.

त्या ताठरपणातूनच एक मोठा शोध निघाला. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसरपीन दिले. ससे कान पाडून, हलेनासे होऊन पडले. मग त्यांना एल-डोपा नावाचे द्रव्य टोचले, आणि पंधरा-वीस मिनिटांत ससे उठून बसले. मेंदूत डोपामीन हा स्वतंत्र संदेशवाहक असतो हे त्यातून पुढे आले, आणि कंपवातावर एल-डोपाचा उपचार त्याच वाटेने सापडला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. (जाता जाता : एल-डोपा आपल्या खाजकुहिलीच्या बियांत भरपूर असते, आणि ते १९३७ साली मद्रासच्या दोन संशोधकांनी वेगळे करून दाखवले होते.)

रक्तदाबाच्या उपचारातही रेसरपीनचे एक काम कायमचे राहिले. रक्तदाब उतरवल्याने माणसे खरोखर वाचतात का, हा प्रश्न १९६० नंतरही उघडाच होता. आकडा खाली आला म्हणजे रोग आटोक्यात आला, असे कशावरून? अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत याची परीक्षा झाली, आणि तिचे नेतृत्व केले त्याच फ्राइस यांनी, ज्यांनी औदासीन्याची सूचना दिली होती. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. निम्म्यांना खोट्या गोळ्या. उरलेल्यांना तीन औषधांचे मिश्रण, ज्यात एक रेसरपीन होते. १९६७ साली निकाल जाहीर झाला. खोट्या गोळ्यांच्या गटात २७ जणांना पक्षाघात, हृदय निकामी होणे किंवा तत्सम गंभीर आपत्ती आली. औषधाच्या गटात फक्त दोघांना. काहीच त्रास वाटत नसला तरी रक्तदाबाची गोळी का घ्यायची, या प्रश्नाचे हे पहिले ठाम उत्तर होते. 'बरे वाटते आहे, सोडू का?' असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानातल्या मुलीने हेच सांगायचे असते : बरे वाटण्यावर जाऊ नका, आकड्यावर जा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

आपल्याकडच्या अनेक घरांतल्या आजी-आजोबांनी रेसरपीन घेतलेले आहे, नाव मात्र त्यांना ठाऊक नसे. 'अॅडेल्फेन' नावाची गोळी आपल्या देशात अनेक वर्षे फार खपत असे, तिच्यात ०.१ मिलिग्रॅम रेसरपीन आणि रक्तवाहिन्या सैल करणारे दुसरे एक औषध होते. पुढे नवी औषधे आली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतून रेसरपीन जवळपास नाहीसे झाले. तरी अमेरिकेत १९९४ ते २००२ या काळात झालेल्या रक्तदाबाच्या एका प्रचंड तुलनात्मक अभ्यासात, पहिले औषध पुरे न पडल्यास जोडीला देता येणाऱ्या औषधांत त्याला जागा होती. मात्रा, ०.०५ ते ०.२ मिलिग्रॅम.

गोळी गेली, मुळी मात्र गेलेली नाही. सर्पगंधेची भुकटी आणि तिच्या वट्या काष्ठौषधींच्या दुकानांत आजही मिळतात, आणि झाडपाल्याचे आहे म्हणून त्याने काही अपाय होत नाही असे समजून घेतल्या जातात. म्हणून शेवटी एक गणित विद्यार्थ्यांना द्यावे. एका रुग्णाला डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आहे. तो ती घेतो, आणि कोणी सांगितले म्हणून रोज एक ग्रॅम सर्पगंधेची भुकटीही घेतो. भुकटीत रेसरपीन गटाची द्रव्ये ०.१५ टक्के आहेत असे धरा. ०.२५ मिलिग्रॅमच्या किती गोळ्या तो नकळत गिळतो आहे? उत्तर सहा येते. हा रुग्ण दुकानात येऊन 'नाक सारखे चोंदते, अंगात उत्साह नाही, चक्कर येते' असे म्हणाला, तर त्याला सर्दीची गोळी देण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारायचा, हे विद्यार्थ्यांना आपल्या वहीत लिहायला सांगावे.